वही शिमग्यालाच हलते

शिवदास नाखवा माझ्या टेबलासमोर आला तेव्हा मी त्याला बसा म्हटलं नाही.

तालुक्याच्या कोर्टात जिन्याखाली एक खोली आहे. बाहेर ‘मोफत विधी सेवा’ अशी पाटी, आत दोन टेबलं आणि कुरकुरणारा एक पंखा. मंगळवारी आणि शुक्रवारी मी तिथे बसते. मी वकील नाही, स्वयंसेविका आहे. गरिबाचा अर्ज भरायचा, कागद लावून द्यायचे, कुठल्या दारात जायचं ते सांगायचं आणि त्याला फुकट वकील मिळवून द्यायचा, एवढं माझं काम. नवऱ्याने टाकलेल्या बायका येतात, जमिनीवरून हाकललेले कातकरी येतात, पोराने घराबाहेर काढलेले म्हातारे येतात. म्हाताऱ्यांना आधी घ्यायचं असा आमचा नियम आहे. तो मीच मोठ्या अक्षरात लिहून भिंतीला लावलाय. त्या मंगळवारी मी तो मोडला. पंच्याहत्तरीचा शिवदास काठी टेकत आला, आणि त्याच्या मागून आलेल्या तिघांना मी त्याच्या आधी बोलावलं.

तो तासभर भिंतीला टेकून उभा राहिला. त्याने मला ओळखलं होतं. दारातच त्याचा पाय अडखळला होता, ते मी पाहिलं होतं.

आता हा शिवदास कोण ते सांगते. समुद्राकाठी वेळखार म्हणून आमचं कोळ्यांचं गाव आहे. गावाचा कारभार गावकी बघते, आणि वीस वर्षं गावकी म्हणजे शिवदास. तो म्हणेल ती पूर्व. गावाच्या खालच्या अंगाला आमचं खळं, म्हणजे मासळी सुकवायची मोकळी जागा. माझ्या सासूने, तिच्या सासूने, सगळ्यांनी तिथे बोंबील सुकवले. सहा वर्षांपूर्वी गावकीने ठरवलं की खळ्यावर एका रिसॉर्टच्या गाड्या लागतील. बायकांना कोणी विचारलं नाही. मासळी सुकवणार बायका आणि ठरवणार बाप्ये! मी तहसीलदाराकडे अर्ज केला. खळं वाचलं, पण मी गावचं भांडण गावाबाहेर नेलं होतं. गावकीने आम्हाला वाळीत टाकलं.

वाळीत टाकणं म्हणजे काय ते ज्याने भोगलं त्यालाच कळतं. लिलावात माझ्या टोपलीवर कोणी बोली लावेना. माझ्या नवऱ्याला, विनेशला, होडीवर कोणी घेईना. वाण्याने पीठ दिलं नाही. माझं नावसुद्धा कोणी घ्यायचं नाही असं ठरलं होतं. बायजा म्हणून हाक मारणारी माझी लहानपणची मैत्रीण मला ‘ती’ म्हणायला लागली, तेही माझ्याकडे पाठ करून.

त्यातच श्रावणात माझी सासू भागुबाई वारली. चार खांदे लागतात. एक विनेशचा, दुसरा दिघीहून आलेल्या माझ्या भावाचा. तिसरा मी दिला असता, चौथा कुठून आणू? विनेश दारोदार फिरला. सख्खे चुलते दार लावून आत बसले. शेवटी जिने अख्ख्या गावाची बाळंतपणं केली त्या म्हातारीला आम्ही मासळीच्या हातगाडीवर घातलं. गाडीचं एक चाक वाकडं होतं. शिवदासच्या घरासमोरच्या खड्ड्यात ते अडकलं आणि भागुबाईचं डोकं फळीवर आपटलं. शिवदास ओटीवर बसून बघत होता. त्याच्या बायकोने, नीराबाईने, आतून दार ओढून घेतलं. तो दार लागल्याचा आवाज माझ्या कानातून अजून गेलेला नाही.

मी पोलिसांत गेले. पुरावा काय, म्हणाले. गाव शहाजोग, एका तोंडाने सांगायला लागलं, “साहेब, वाळीत कुठं टाकलंय? लोक आपणहून बोलत न्हाईत, त्याला आमी काय करनार?” तक्रार बासनात गेली. मग शिवदासने निरोप धाडला की, नारळ घेऊन देवळात ये, सगळ्यांच्या पायावर डोकं ठेव, आत घेतो. मी निरोप्यालाच हाकललं. आम्ही गाव सोडून तालुक्याला भाड्याची खोली घेतली, आणि मी या जिन्याखाली येऊन बसले. लोक म्हणतात, बायजाताई समाजसेवा करते. समाजसेवा नंतर झाली. मी हे काम शिकले ते सूड घ्यायला.

तर असा तो शिवदास. शेवटी खोली रिकामी झाली आणि मी म्हटलं, “बोला.”

“मॅडम,” तो काठीकडे बघत म्हणाला, “आमाला वाळीत टाकलंय.”

मी हसले, चांगली मोठ्याने. पलीकडच्या टेबलावर राहुल अर्ज भरत होता. आमच्या खोलीतला तो दुसरा स्वयंसेवक. त्यानेही मान वर केली. मला अजिबात लाज वाटली नाही.

हकीकत अशी. शिवदासची नात अमिषा उरणला कंपनीत नोकरीला. तिने तिथे जातीबाहेर लग्न केलं. अशा लग्नाला जो जाईल तो गावाबाहेर, हा नियम शिवदासनेच केलेला. पण नात लाडकी, म्हातारा गेला आणि आशीर्वाद देऊन आला. त्याचा पुतण्या गणराज संधीच शोधत होता. दिवाळी झाल्यावर त्याने बैठक घेतली, काकाला खाली उतरवलं आणि काकाचाच नियम काकाला लावला.

“मग नारळ घेऊन देवळात जा,” मी म्हटलं. “पायावर डोकं ठेवा. आत घेतील.”

“गेलो व्हतो. न्हाय घेतलं. गनराज बोलला, नातीला आनून सर्वांसमोर नवरा सोडायला सांग.” त्याने काठी दुसऱ्या हातात घेतली. “माजं काय न्हाय, मॅडम. पन नीराच्या पोटात गाठ हाय. डागदर म्हनतो, म्हैना काढंल, फार तर दोन. ती गेली तर…”

 त्याने नुसती चार बोटं वर केली.

मला आनंद झाला. खोटं कशाला बोलू? सहा वर्षं मी देवाकडे हेच मागितलं होतं, आणि देवाने मापात माप तंतोतंत मोजून दिलं होतं. राहुलला म्हणावं, तू घे याचा अर्ज, आणि आपण चहाला निघून जावं असंही मनात आलं. तेवढ्यात प्रणाली मॅडम आल्या. आमच्या यादीवरच्या त्या वकील. वयाने माझ्याहून लहान, पण कामाला करड्या. त्यांनी खुर्ची ओढून म्हाताऱ्याला बसवलं आणि सगळं पुन्हा ऐकून घेतलं.

“साक्ष कोण देईल?” त्यांनी विचारलं.

“कोन न्हाय.”

“मग पुरावा काय?”

“वहीत लिवलंय की.”

गावकीची वही म्हणजे लाल कापडात बांधलेलं जाडजूड बाड. प्रत्येक ठराव त्यात तारखेसह लिहायचा आणि खाली हजर असलेल्या सगळ्यांनी सह्या करायच्या, ही आमच्या गावची शान. बायकांनी त्या वहीला हात लावायचा नाही, म्हणून मी ती कधी उघडी पाहिली नव्हती. पोलिस आले होते तेव्हा अशी वहीच नाही असं गाव म्हणालं होतं.

“वही आता गणराजकडे असणार,” मॅडम म्हणाल्या.

“माज्याकडं हाय. पेटीत.” त्याने कनवटीची चावी चाचपली. “त्ये आले, माज्याच ओटीवर बसले. वही मागितली, मी काडून दिली. गनराजने ठराव लिवला, सत्तावीस जनांनी सह्या केल्या, आन वही परत पेटीत ठेवून गेले.”

मॅडमना आधी कळेचना. “म्हणजे तुम्हाला वाळीत टाकल्याचा पुरावा ते तुमच्याच घरात ठेवून गेले?”

म्हाताऱ्याला राग आला. सुंभ जळला तरी पीळ गेला नव्हता. “वही शिमग्यालाच हलते, मॅडम. नवा अध्यक्ष शिमग्याला वाजतगाजत येऊन ती घेऊन जातो. मदीच उचलून दुसऱ्याच्या घरी न्यायला ती काय भाजीची पिशवी हाय?”

शिमगा अजून अडीच महिने लांब होता.  जिच्यासाठी मी पोलिसांच्या, तहसीलदाराच्या पायऱ्या झिजवल्या ती चीज या माणसाच्या कनवटीच्या चावीआड होती.

“मागचेही सगळे ठराव त्यात आहेत?” मी विचारलं.

त्या दिवशी पहिल्यांदा त्याने माझ्याकडे सरळ पाहिलं. “सगळे.”

मॅडमनी मला बाहेर बोलावलं. जिन्यापाशी उभ्या राहून हळू आवाजात म्हणाल्या, “बायजा, त्या वहीत तुझंही पान असणार. तुझ्यावरचा बहिष्कार गावाने उठवलेला नाही, म्हणजे गुन्हा अजून चालू आहे. वही पोलिसांत गेली तर हा म्हातारा स्वतः अडकेल. तो आपल्या दारात आलाय. त्याला सांगावं लागेल, आणि त्याचं काम तुला करता येणार नाही.”

“काम राहुल करेल,” मी म्हटलं. “सांगायचं तेवढं मी सांगते.”

मॅडमना वाटलं असेल की मला दया आली. छे! आंधळेपणाने फासात पाय टाकणारा माणूस मला नको होता. मी डोळे उघडे ठेवून भोगलं होतं, त्यानेही तसंच भोगावं.

आत जाऊन मी त्याच्यासमोर उभी राहिले. “नाखवा, नीट ऐका. वही आणलीत तर तुमच्यावरचा बहिष्कार उठेल. पण वहीत माझंही पान आहे. त्या पानावर मी तक्रार करणार, आणि पहिला आरोपी तुम्ही. तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. नको असेल तर वही पेटीतच राहू द्या. आमच्याकडून कोणाला कळणार नाही.”

 तो उठला, काठी घेतली आणि निघून गेला. येणार नाही, असं राहुल म्हणाला. येईल, मी म्हटलं. चार खांद्यांची भीती काय असते ते राहुलला माहीत नव्हतं.

शुक्रवारी तो आला. वही त्याने धोतराच्या घडीत गुंडाळून, रिक्षा करून आणली होती. वेळखारच्या इतिहासात शिमग्याआधी वही हलली ती तेवढी एकदाच. टेबलावर ठेवताना त्याने तिला नमस्कार केला.

मी आधी माझं पान शोधलं. फाडलं असेल म्हणून शिवणीतून बोट फिरवलं. फाडलेलं नव्हतं. वहीचं पान फाडणं हे पाप, आणि माणसाला वाळीत टाकणं हे पुण्य! अक्षर शिवदासचं होतं, मोत्यासारखं. शाळेत पहिला यायचा म्हणे.

“वाचा,” मी वही त्याच्याकडे फिरवली.

“तूच…”

“मला इथे मॅडम म्हणता ना? वाचा.”

प्रणाली मॅडमनी तोंड उघडलं आणि मिटलं. म्हाताऱ्याने चष्मा लावला. “विनेश भागोजी चोगले याच्या बायकोने गावचा कारभार सरकारात नेला. सबब त्या घराशी बोलू नये. आग, पाणी देऊ नये. होडीवर घेऊ नये. त्या बाईचं नाव कोणी उच्चारू नये. घरात मयत झाल्यास…” इथे त्याने ओळीवर बोट ठेवलं. “मयत झाल्यास खांदा देऊ नये.”

खाली एकोणीस सह्या होत्या आणि सगळ्यांत वर शिवदास. ठरावातसुद्धा माझं नाव नव्हतं. मी कोणाची तरी बायको होते, बस.

“हे अक्षर तुमचं?”

“माजं.”

“तसं लिहून द्याल?”

“नीराला किती दिवस हाईत ते तूच सांग,” तो म्हणाला, आणि राहुलने पुढे केलेल्या जबाबावर सही केली.

मग सगळं भराभर झालं. त्याची तक्रार राहुलने लिहिली, माझी मी लिहिली. वही बघितल्यावर पोलिसांनाही काही बोलायला जागा राहिली नाही. गुन्हे दाखल झाले, त्याच्या पानावरच्या सत्तावीस जणांवर आणि माझ्या पानावरच्या एकोणीस जणांवर. जीप वेळखारात शिरली तशी गावकीची गाळण उडाली. तिसऱ्या दिवशी देवळाच्या कर्ण्यावरून गणराजने जाहीर केलं की शिवदासकाकांशी गावाचं काही वाकडं नाही, सगळ्यांनी येणंजाणं ठेवावं. आमच्याबद्दल शेवटी एक वाक्य होतं, “जुनी बाब पण मिटली असं समजावं.” मी म्हणजे जुनी बाब.

आठव्या दिवशी नीराबाई गेली. मी मुद्दाम वेळखारला गेले. विनेश म्हणाला, नको जाऊस. मला बघायचं होतं.

अख्खा गाव लोटला होता. खांदा द्यायला नुसती रेटारेटी, कारण प्रत्येकाला वाटत होतं की आपण दिसलो नाही तर पुन्हा पोलिस येतील. हिरवी साडी, मळवट, पुढे वाजंत्री. नीराबाई चार नव्हे, चाळीस खांद्यांवरून गेली. आमच्या जुन्या घराच्या भिंतीला ती हातगाडी अजून उभी होती, वाकड्या चाकाची, गंजलेली. मी तिच्याशेजारी उभी राहिले. हे सगळं मी घडवून आणलं होतं आणि माझ्या छातीत आग पेटली होती. हिला मिळालं, माझ्या भागुबाईला का नाही? चालता चालता शिवदासची नजर माझ्यावर पडली, मग गाडीवर पडली. त्याने मान खाली घातली. मला ते पुरलं नाही.

पुढच्या मंगळवारी माझ्या खोलीत अकरा नारळ आले. गणराज पुढे, मागे दहा जण, सगळे इस्त्रीच्या कपड्यांत. कोणीतरी त्यांना सांगितलं होतं की जिला वाळीत टाकलं ती राजी असेल तर कोर्टाच्या परवानगीने प्रकरण मिटतं. पुतण्या आणि काका यांच्यात ते मिटल्यातच जमा होतं. उरले होते माझे एकोणीस.

“काकी,” गणराज म्हणाला. सहा वर्षांत त्याला मी काकी लागते हे आठवलं नव्हतं. “झालं गेलं गंगेला मिळालं. आमच्याकडून चुकी झाली. तुमी मोठ्या मनाच्या.”

“माझं मन एवढंसं आहे,” मी म्हटलं. “नारळ खाली ठेवा, टेबल सरकारी आहे.”

“तुमी सांगाल ते करतो, काकी.”

“भागुबाईला खांदा द्या. मी आत्ता सही करते.”

 बाहेर कोर्टाचा शिपाई कोणाची तरी नावं पुकारत होता. प्रणाली मॅडम हळूच म्हणाल्या, “बायजा, निर्णय तुझा. घाई नाही.” मला घाई नव्हतीच. मी अर्जांचा गठ्ठा काढला आणि म्हटलं, “ज्याला वकील परवडत नाही त्याने बाहेर बाकावर बसावं. आरोपीलाही मोफत वकील मिळतो. राहुल जेवून आला की एकेकाला बोलावेल.”

ते नारळांसकट बाहेर जाऊन बसले. तेवढ्यात म्हाताऱ्याच्या काठीचा आवाज आला. शिवदास एकटा आला. त्याच्या हातात नारळ नव्हता.

“मिटवा म्हनायला न्हाय आलो,” तो म्हणाला. “वकील पायजे. मी कोर्टात हेच सांगनार हाय की अक्षर माजं. तरी वकील लागतो म्हनं.”

नियमाने त्याचा अर्ज मी भरायला नको होता. पण मॅडम कोर्टात गेल्या होत्या आणि राहुलला यायला पंधरा मिनिटं होती. मी पेन उघडलं.

नाव, वय, पत्ता त्याने सांगितला. उत्पन्न काही नाही. घरात कोण? कोणी नाही. मग मी पुढच्या ओळीवर पेन टेकवलं.

“तक्रारदाराचं नाव?”

तो काठीची मूठ चोळत राहिला. “तुला ठावं हाय.”

“मला ठाऊक असून चालत नाही. अर्जदाराने सांगायचं असतं.”

“विनेशची…”

“असं नाव नसतं.”

पंखा कुरकुरत होता.  वीस वर्षं ज्याच्या शब्दावर गाव उठलं-बसलं त्या माणसाला तीन अक्षरं जड झाली होती.

“बायजा,” तो म्हणाला.

“पूर्ण.”

“बायजा विनेश चोगले.”

“मोठ्याने, नाखवा. बाहेरच्यांना ऐकू गेलं नाही.”

त्याने दाराकडे पाहिलं. बाकावर त्याचा गणराज होता, त्याचे दहा जण होते, आणि त्या सगळ्यांनी माना वळवल्या होत्या. म्हाताऱ्याने काठी घट्ट धरली आणि देवळात ठराव वाचून दाखवायचा तशा खणखणीत आवाजात म्हणाला, “बायजा विनेश चोगले!”

मी ते लिहून घेतलं. मग अर्ज त्याच्याकडे फिरवला, पेन त्याच्या हातात दिलं आणि बोटाने जागा दाखवली.

“इथे सही करा,” मी म्हटलं. “तुमचं अक्षर फार सुरेख आहे.”